कौटुंबिक वादांचे न्यायालयीन दप्तर : शोध आणि मागणी

बोलींचा, स्त्रियांच्या भाषाव्यवहाराचा किंवा ग्रामीण कुटुंबरचनेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास न्यायालयाचे दप्तर ही मोठी खाण वाटते, आणि ती तशी आहेही. पोटगी, घटस्फोट, मुलांचा ताबा, पालकत्व यांच्या कागदांत जी माणसे बोलतात ती अन्यत्र लिखित मराठीत क्वचितच आढळतात. मात्र ही खाण कोठे आहे, तिचे दार कोण उघडतो आणि आतील वस्तू बाहेर आणण्याचा अधिकार कितपत आहे, याची चौकशी न करताच संशोधनाचा आराखडा सादर करण्याची प्रथा पडू पाहत आहे. प्रस्तुत लेखात शहराच्या पश्चिम कडेच्या पडेगावचे उदाहरण घेऊन ही चौकशी केली आहे. पडेगाव एकेकाळचे खेडे, आज महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. पलीकडे दौलताबाद आणि खुलताबाद तालुक्याचा ग्रामीण मुलूख लागतो. त्यामुळे येथील एकाच घराण्याचे कागद दोन-तीन न्यायालयांत विखुरलेले असणे अगदी स्वाभाविक आहे.

प्रथम एक समजूत दूर केली पाहिजे. कौटुंबिक वाद म्हणजे कौटुंबिक न्यायालय, हे समीकरण ग्रामीण भागात लागू पडत नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमाने दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांसाठी असे न्यायालय स्थापणे राज्यशासनावर बंधनकारक केले. इतर क्षेत्रांचा प्रश्न शासनाच्या विवेकावर सोडला. न्यायालयाची हद्दही शासनच अधिसूचनेने ठरविते. त्या हद्दीत विवाहविषयक दावे व फौजदारी संहितेखालील पोटगीचे अर्ज ऐकण्याचा जिल्हा न्यायालयाचा व दंडाधिकाऱ्याचा अधिकार संपतो, आणि प्रलंबित प्रकरणेही नव्या न्यायालयाकडे जातात. हद्दीबाहेर मात्र जुनीच व्यवस्था चालू राहते. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाखालील अर्ज जिल्हा न्यायालयात, किंवा शासनाने त्यासाठी अधिकार दिलेल्या दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतो. पोटगीचा अर्ज प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे असतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. अज्ञान मुलाच्या पालकत्वाचा अर्ज १८९० च्या कायद्याने जिल्हा न्यायालयात जातो, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालील मूळ अर्ज, कौटुंबिक न्यायालय असलेल्या शहरातही, दंडाधिकाऱ्याकडेच असतो.

आता समजा, पडेगावची एक मुलगी कन्नड तालुक्यातील गावी दिली. लग्न मुलीकडे लागले. दांपत्य काही काळ वाळूजकडे कामानिमित्त राहिले. पुढे ती माहेरी परतली. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे लग्न जेथे लागले, प्रतिपक्ष जेथे राहतो, किंवा दोघे शेवटी जेथे एकत्र राहिले, यांपैकी कोठेही अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीने यात भर पडली, आणि अर्जदार पत्नी असेल तर ती जेथे राहते तेथेही तो करता येऊ लागला. म्हणजे पतीचा घटस्फोटाचा अर्ज एका न्यायालयात, पत्नीचा पोटगीचा अर्ज दुसऱ्या न्यायालयात, आणि हिंसाचाराविषयीचा तिसऱ्याच ठिकाणी असू शकतो. तीन प्रकरणे वाचल्याविना त्या घरात काय झाले ते कळत नाही. एकच मिळालेले प्रकरण संपूर्ण मानून लिहिलेला प्रबंध एका पक्षाचा वकीलपत्र घेतल्यासारखा होतो. यासाठी शोधाचा आरंभ व्यक्तीपासून न करता स्थळांपासून करावा : लग्नाचे गाव, सासर, शेवटचे बिऱ्हाड, माहेर.

न्यायालय निश्चित झाले म्हणजे प्रकरणाचा क्रमांक शोधावयाचा. दप्तर विषयवार लावलेले नसते. ते प्रकार, क्रमांक व वर्ष यांनुसार लावलेले असते. महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयांत क्रमांकाआधी रोमी अक्षर असते : विवाहविषयक अर्जास ए, फौजदारी स्वरूपाच्या पोटगीस ई, परस्परसंमतीच्या घटस्फोटास एफ. अलीकडील प्रकरणांस यांखेरीज सोळा अक्षरांकांची सीएनआर संख्या दिलेली असते, आणि ई-कोर्ट्स व्यवस्थेत पक्षकाराच्या नावावरूनही शोध घेता येतो. येथे भाषेच्या अभ्यासकास सांगण्यासारखी गोष्ट अशी की नावांचे रोमी लेखन एकसारखे नसते. एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते, आणि विवाहित स्त्रीचे नाव कधी माहेरच्या तर कधी सासरच्या ओळखीने नोंदलेले असते. सर्व रूपांनी शोध केल्याशिवाय ‘नोंद नाही’ असे म्हणू नये. जुन्या प्रकरणांसाठी मात्र न्यायालयातील नोंदवहीच पाहावी लागते.

प्रकरण हाती आल्यावर प्रथम रोजनामा वाचावा. प्रत्येक तारखेस काय घडले, कोण हजर होते, समन्स बजावले गेले की नाही, हे त्यात थोडक्यात येते. प्रकरणाचा कणा तोच. त्यानंतर अर्ज, कैफियत, मुद्दे, आणि निशाणी क्रमांक घातलेले कागद. आपला विद्यार्थी बहुधा थेट निकालपत्राकडे धावतो. पण सहा वर्षे चाललेले प्रकरण शेवटी ‘अर्जदार गैरहजर, अर्ज काढून टाकला’ एवढ्यावर संपलेले असेल, तर त्याची सारी कथा रोजनाम्यातच असते.

मराठवाड्याच्या दप्तरास आणखी एक पदर आहे, तो मुंबई-पुण्याच्या अभ्यासकास भेटत नाही. हैदराबाद संस्थानात १८८४ पासून फारसीऐवजी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली, आणि सप्टेंबर १९४८ मधील पोलिस कारवाईपर्यंत येथील न्यायालयांचे काम उर्दूतून चालले. तेथे वादी म्हणजे मुद्दई, प्रकरणाची फाईल म्हणजे मिसल, मुद्दे म्हणजे तनकीहात, कैफियत म्हणजे जवाबदावा, पोटगी म्हणजे नान-नफका, आणि अभिलेखकक्ष म्हणजे मुहाफिजखाना. लिपी पुष्कळदा शिकस्ता वळणाची असते. ती शिकल्यावाचून या दप्तरास हात घालू नये.

तारखा फसली असतात. फसली सनात ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांसाठी ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१ मिळविले की इसवी सन येतो. वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी आजूर महिन्याने सुरू होऊन आबान महिन्याने संपते. १३५८ फसली म्हणजे १९४८-४९. मुंबई इलाख्यातील फसली मात्र जूनमध्ये सुरू होई, त्यामुळे तिकडील कोष्टक येथे लावल्यास काही महिन्यांचा घोटाळा होतो. या काळासाठी शहरातील राज्य पुराभिलेख कार्यालय आणि हैदराबादचे तेलंगण राज्य पुराभिलेखागार अशी दोन्ही ठिकाणे ध्यानात ठेवावीत. तसेच १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीचे तिकडील कागद शोधताना हाही फाटा आठवावा.

येथे एक इशारा अवश्य आहे. १९५५ पूर्वीच्या हिंदू घटस्फोटांची न्यायालयीन प्रकरणे शोधण्यात पुष्कळ दिवस फुकट जातात. १९४७ चा हिंदू घटस्फोट कायदा मुंबई प्रांतापुरता होता. तो निजामाच्या मुलखास लागू नव्हता. याचा अर्थ येथील लग्ने मोडत नव्हती असा मुळीच नाही. अनेक जातींत काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत हे रूढ मार्ग होते, आणि १९५५ च्या कायद्यानेही कलम २९ मध्ये रूढीने मिळणारा घटस्फोटाचा हक्क राखून ठेवला. ‘फारकत’ हा शब्दच पाहा : त्याच्या मुळाशी मोकळे केल्याचा लेख या अर्थाचा ‘फारिग-खत’ आहे. म्हणजे कृतीचे नाव कागदावरून पडले, आणि तो कागद न्यायालयाचा नव्हता, पंचांपुढचा होता. असे कागद घरोघरच्या पेट्यांत असतात. वाद पुढे पोटगीसाठी किंवा वारसासाठी न्यायालयात गेला तरच ते निशाणी म्हणून मिसलीत येतात. यास्तव न्यायदप्तरातील घटस्फोटांची संख्या ही समाजातील घटस्फोटांची संख्या मानणे म्हणजे विहिरीतल्या पाण्यावरून पावसाचे मान काढण्यासारखे होय.

आता मागणीचा भाग. पक्षकाराची गोष्ट सोपी आहे. तो किंवा त्याचा वकील नक्कल शाखेत कोर्ट-फी मुद्रांकासह अर्ज करतो आणि प्रमाणित नक्कल घेतो. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला असेल तर न्यायालयाने त्याची एक प्रत दोन्ही पक्षांस विनामूल्य द्यावी, असे हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २३ मध्ये स्पष्ट आहे. ही तरतूद खेड्यापाड्यांतील स्त्रियांना ठाऊक असणे फार आवश्यक आहे. पुनर्विवाह, निवृत्तिवेतन, मुलांचे दाखले, सर्वत्र तोच कागद मागतात, आणि तो नसल्यामुळे निकाल लागूनही कित्येक जणी कागदोपत्री विवाहितच राहतात. क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याने माहितीदार स्त्रीला एवढे सांगितले तरी त्याने घेतलेल्या वेळेची अंशतः फेड होईल.

संशोधक हा पक्षकार नव्हे, तिऱ्हाईत होय. त्याने नक्कल किंवा अवलोकन कशासाठी हवे हे प्रतिज्ञापत्रावर सांगून न्यायालयाची परवानगी मागावी लागते. माहितीच्या अधिकाराचा अर्ज हा यावरील उपाय नाही. न्यायिक अभिलेखांच्या नकला उच्च न्यायालयाच्या नियमांनुसारच मागाव्यात, माहिती अधिकार कायद्याने नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणी ठरविले आहे. अर्जासोबत विभागप्रमुखांचे पत्र, अभ्यासाचा नेमका हेतू, हव्या असलेल्या प्रकरणांचे क्रमांक आणि ओळख गुप्त राखण्याची लेखी हमी द्यावी. ‘१९९० पासूनची सर्व प्रकरणे पाहावयाची आहेत’ अशी मोघम मागणी करणारा अर्ज नामंजूर झाला तर त्यात कार्यालयाचा दोष नाही. समुपदेशकापुढे झालेले बोलणे मात्र मागूच नये. दोघांनी मोकळेपणाने बोलावे म्हणूनच ते गोपनीय ठेवलेले असते.

परवानगी मिळाली म्हणजे छापण्याची मुभा मिळाली असे नव्हे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे त्या कायद्याखालील प्रत्येक कामकाज बंद दरवाजाआड चालते, आणि त्यासंबंधी कोणताही मजकूर छापणे वा प्रसिद्ध करणे हा दंडनीय अपराध आहे. अपवाद फक्त उच्च व सर्वोच्च न्यायालयांच्या, पूर्वपरवानगीने छापलेल्या निर्णयांचा. दंडाची मर्यादा एक हजार रुपये आहे, परंतु प्रश्न दंडाचा नाही. ‘अमुक तालुक्यातील एक स्त्री’ असे लिहून जात, वर्ष आणि नवऱ्याचा व्यवसाय दिला, की त्या गावातील प्रत्येकास ती कोण हे कळते. प्रबंध ग्रंथालयात राहतो. ती बाई त्याच गावात राहते. म्हणून साक्षीतील उतारे उदाहरणादाखल छापण्याची आपल्या शाखेतील सवय या दप्तरापुरती सोडली पाहिजे. व्याकरणिक रूपांची, वाक्यरचनांची व शब्दांची नोंद घटनेपासून तोडून करता येते. तीही न्यायालयाने घातलेल्या अटींच्या आत, आणि शंका असेल तेथे न्यायालयास विचारूनच.

शेवटचा मुद्दा आपल्या शास्त्राचा आहे. हे कागद बोलीचे पुरावे म्हणून कितपत विश्वसनीय? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अठराव्या आदेशाप्रमाणे साक्ष सामान्यतः प्रश्नोत्तररूपाने न लिहिता कथनरूपाने लिहितात. प्रश्न वकिलाचा, होकार साक्षीदाराचा. कागदावर मात्र सारे वाक्य साक्षीदाराच्या तोंडी येते. ‘हे म्हणणे खरे नाही की मी स्वतःहून घर सोडले’ हे वाक्य पडेगावच्या कोणत्याही बाईने उच्चारलेले नसते. तिने ‘न्हाई’ एवढेच म्हटलेले असते. २००२ च्या बदलांनंतर सरतपासणीही प्रतिज्ञापत्राने होते. ती वकिलाच्या कार्यालयात तयार झालेली मराठी होय. कौटुंबिक न्यायालयात तर, अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे, साक्ष सविस्तर लिहिण्याचीही गरज नाही. तिचा सारांश पुरतो. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ही जिल्हा व त्याखालील न्यायालयांची भाषा झाल्यामुळे मराठी मजकूर वाढला हे खरे; परंतु ती न्यायालयाची मराठी आहे, आणि तिचाच स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा. बोलीचे अवशेष शोधावयाचे तर ते वस्तूंच्या नावांत, नात्यांच्या संबोधनांत, आणि निशाणी म्हणून जोडलेल्या खाजगी पत्रांत व चिठ्ठ्यांत शोधावेत. लेखनिकाचा हात तेथे पोहोचलेला नसतो.

आणि हे सारे फार काळ वाट पाहत नाही. १९१७ च्या अभिलेख नाशन अधिनियमाखाली केलेल्या नियमांनुसार निकाली प्रकरणांतील कागदांची वर्गवारी होते. निकालपत्र व हुकूमनामा दीर्घकाळ राहतात, किरकोळ कागद आधी जातात, आणि निशाणी म्हणून दिलेली मूळ पत्रे पक्षकारास परत नेता येतात. ज्याला अशा प्रकरणांवर काम करावयाचे आहे त्याने विषय मंजूर होण्यापूर्वीच संबंधित न्यायालयाच्या अभिलेखकक्षात जाऊन कोणत्या वर्षांचे दप्तर शिल्लक आहे, एवढी चौकशी करून यावी.