रांगडी रेड आणि भरली वांगी

वाइन म्हटली की डोळ्यांसमोर येतो फ्रान्समधला शातो, नाहीतर कोरेगाव पार्कातलं पॉश रेस्तराँ. आम्ही मात्र बाटली उघडली थेट बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकाजवळ मित्राच्या घरी. सोबत काकूंची भरली वांगी आणि भाकरी. प्रश्न एकच होता : आपल्या रोजच्या जेवणापुढे रेड वाइन टिकते का?

वाइन अकलूजच्या 'फ्रातेली'ची, सॅन्जोवेसे. फ्रातेली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेक्की, अशा भावांच्या तीन जोड्यांची ही वायनरी. द्राक्षाची जात टस्कनीची, माती मात्र सोलापूर जिल्ह्यातली.

पहिला घोट नुसताच घेतला. करवंदासारखी आंबट, आणि जांभळं खाल्ल्यावर जीभ आखडते तशी तुरट. मित्राने तोंड वाकडं केलं. मग वांग्याचा घास, त्यावर पुन्हा घोट. दाण्याच्या कुटाने आणि तेलाने तुरटपणा मऊ केला, आंबटपणाने मसाला खुलवला. काकूंनी चमचाभर चाखली. म्हणाल्या, "अरे, ही तर आमसुलाचं काम करते!"

दोन पथ्यं पाळा. तिखट बेतानंच घाला, मिरचीमुळे अल्कोहोल जास्त झोंबतं. आणि 'रेड रूम टेम्परेचरला प्यावी' हा नियम थंड युरोपातला, म्हणजे साधारण १६ ते १८ अंश. पुण्याच्या उन्हाळ्यात बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाच. ग्लास तुळशीबागेतले साधे चालतील. वांगी मात्र घरचीच हवीत!