कॅप्टन हॅडॉक : पीठमर्द की नायक?

बेल्जियन चित्रकथाकार एर्जे याने १९२९ साली सुरू केलेल्या मालिकेचा नायक टिनटिन होय, याविषयी शंका घेणे सकृद्दर्शनी अनाठायी वाटेल. कॅप्टन हॅडॉक हा त्याचा सोबती. संस्कृत नाट्यशास्त्राच्या परिभाषेत त्याला पीठमर्द म्हणता येईल; धनंजयाने ‘दशरूपका’त वर्णिलेला, नायकाशी एकनिष्ठ परंतु गुणांनी त्याहून किंचित् उणा असा सहायक. त्याची शिव्यांची लाखोली आणि व्हिस्कीची बाटली पाहून कोणी त्याची गणना विदूषकातही करील. १९५८-५९ साली क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘टिनटिन इन तिबेट’ या कथेत मात्र ही दोन्ही वर्गीकरणे अपुरी पडतात.

विमान हिमालयात कोसळूनही आपला मित्र चँग जिवंत आहे, असा स्वप्नाच्या आधारे टिनटिनला विश्वास वाटतो. त्याचे धैर्य या विश्वासातून आपोआप उद्भवते. हॅडॉकला तसा आधार नाही. चँगला त्याने कधी पाहिलेले नाही आणि तो मेला असावा, असेच त्याचे मत आहे. ‘मी येणार नाही’ असे तो पुनःपुन्हा बजावतो आणि प्रत्येक वेळी मागोमाग जातो. हा विनोद खराच. परंतु प्रत्येक नकारानंतर त्याला नव्याने निर्णय घ्यावा लागतो, आणि तो त्याच्या बुद्धीच्या विरुद्ध असतो.

कड्यावरील प्रसंगात हे स्पष्ट होते. दोघे एकाच दोराने बांधलेले. हॅडॉक खाली लोंबकळतो आहे, आणि त्याच्या भाराने टिनटिनही कोसळणार. दोर कापण्यास टिनटिन नकार देतो. तेव्हा हॅडॉक स्वतःच चाकू काढतो. १९४०-४१ च्या कथेत प्रथम अवतरलेला हा कप्तान आपल्याच जहाजावर मद्याचा बंदी होता, आणि नशेत त्याने होडीची वल्ही जाळली होती, हे येथे आठवावे. एवढे अंतर टिनटिनने मालिकेत कोठेही कापलेले नाही. तो आरंभापासून निर्दोषच आहे, आणि निर्दोष पात्राला बदलण्यास वाव तो कितीसा?

एक आक्षेप संभवतो. त्या क्षणी दोघांचे प्राण वाचवतो तो थार्की हा शेर्पा. भयाने परत फिरलेला हा वाटाड्या लाज वाटून पुन्हा वर चढून आलेला असतो. मठाचा प्रमुख लामा अखेरीस रेशमी वस्त्र अर्पण करतो ते टिनटिनला. थार्की तोवर कथेतून निघून गेलेला असतो. त्याचा दावा हॅडॉकच्याही आधी तपासण्याजोगा आहे.