अंगठ्याच्या टप्प्यातले डावपेच

खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही. पळणारा मात्र बसलेल्या गड्यांमधून हवा तसा नागमोडी जातो. ही बंधनं काढून टाकली तर खो-खो उरणार नाही, नुसती पकडापकडी उरेल. या खेळाचे नियम पद्धतशीर बांधले गेले ते 1914 मध्ये, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याकडून. कुणाला काय करता येणार नाही हे ठरलं की खेळात रंग भरतो, ही गोष्ट या शहराला शंभराहून अधिक वर्षं ठाऊक आहे.

मोबाइलवरच्या लढाया घडवणारेही रोज हेच ठरवत असतात, आणि त्यांतले बरेच जण पुण्यातच आहेत. ‘मास्कगन’ आणि 16 ऑक्टोबर 2024 रोजी आलेला ‘इंडस’ हे खेळ करणारी सुपरगेमिंग ही कंपनी पुण्याची. 2020 मध्ये ‘राजी’ आणणारी नॉडिंग हेड्स गेम्सही इथलीच. युबिसॉफ्टचा स्टुडिओ 2008 पासून शहरात आहे. तरीही ‘पात्रांची स्किल्स ठरवणं’ हे कुणाचं तरी दिवसभराचं काम असू शकतं, हे घरच्यांना समजावून सांगणं अवघड जातं. आणि जे खेळतात, ज्यांना हे काम करायची हौस आहे, त्यांच्याही मनात काही समजुती इतक्या घट्ट असतात की त्या आधी सोडवाव्या लागतात.

‘जितकी स्किल्स जास्त, तितकं पात्र भारी’

माझा भाचा अकरावीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्याने वहीत स्वतःचं पात्र रेखाटलं, त्याला आठ स्किल्स दिली: आग फेकणं, अदृश्य होणं, उडी, ढाल, सापळा, जखम भरणं, वेग वाढवणं आणि शेवटी एक महासंहारक. वहीत ते पात्र खरंच शोभत होतं. पंचाईत झाली ती फोन हातात घेतल्यावर.

साडेसहा इंची फोन आडवा धरला तर पडदा साधारण 150 मिमी लांब आणि 68 मिमी उंच भरतो. फोन पेलण्यात दोन्ही हात गुंतलेले, म्हणजे कामाला अंगठे दोनच. डावा अंगठा चालण्याच्या जॉयस्टिकवर. मग हल्ला, नेम, कॅमेरा आणि झाडून सगळी स्किल्स एकट्या उजव्या अंगठ्याच्या वाट्याला येतात. अंगठा मुळापासून कमानीत फिरतो. त्या कमानीतल्या जागा त्याला सहज मिळतात, त्यापलीकडे जायचं तर फोनवरची पकड सैल करावी लागते. बटणं लहान करून जागा वाचवावी म्हटलं तर तिथेही मर्यादा आहे. ॲपल बटणाचा किमान आकार 44 पॉइंट सांगतं, गूगल अँड्रॉइडसाठी 48 डीपी सांगतं, म्हणजे साधारण 7-9 मिमी. हे माप निवांतपणे ॲप वापरणाऱ्यासाठी आहे. पळता पळता, घामेजल्या अंगठ्याने, नजर शत्रूवर ठेवून दाबायच्या बटणाला त्याहून मोठी जागा लागते. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी 1954 मध्ये मांडलेला नियम इथे रोज कामाला येतो: लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त.

भाच्याला हे आकडे सांगून पटलं नाही. मग घरातल्या मोठ्या टिकल्यांचं पाकीट काढलं आणि बंद पडद्यावर आठ टिकल्या चिकटवल्या. फोन दोन्ही हातांनी धरायचा, समोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं आणि मी नाव घेईन त्या स्किलची टिकली दाबायची. ‘ढाल’ म्हटलं की त्याचा अंगठा सापळ्यावर पडत होता. अर्ध्या तासाने त्याने आपणहून तीन टिकल्या काढल्या. हौशी डिझायनरांना मी हा प्रयोग मनापासून सुचवते. त्याला संगणक लागत नाही, प्रोग्रॅमिंग लागत नाही, आणि कागदावरचं पात्र हातात मावतं की नाही ते लगेच कळतं.

मोठ्या कंपन्यांनाही याच वाटेने जावं लागलं. संगणकावरच्या ‘लीग ऑफ लेजंड्स’मध्ये पात्राला चार मुख्य स्किल्स असतात, कीबोर्डवर क्यू, डब्ल्यू, ई, आर. त्याच जातकुळीतले, पण मुळात मोबाइलसाठी घडवलेले ‘ऑनर ऑफ किंग्ज’ (2015) आणि ‘मोबाइल लेजंड्स’ (2016) बघा. तिथे बहुतेक पात्रांना बटणाची स्किल्स तीनच, आणि जोडीला एक आपोआप चालणारं, पॅसिव्ह. बटण कमी झालं म्हणून डोकं कमी लागतं असं मात्र नाही, कारण एकाच बटणात अनेक कामं सामावलेली असतात. नुसतं टेकवलं तर स्किल जवळच्या शत्रूवर जातं. दाबून ओढलं तर दिशा आपण ठरवतो. ओढता ओढता मन बदललं तर अंगठा रद्दच्या खुणेवर नेऊन सोडायचा. खेळाडूचं कसब बटणांच्या संख्येत नसतं, बटण कधी आणि कसं दाबलं यात असतं.

‘संगणकावरचा खेळ लहान केला की मोबाइलचा झाला’

कीबोर्डच्या बटणाला कड असते. न बघताही बोटाला ती जाणवते. काचेला कड नाही, त्यामुळे अंगठा खेळता खेळता नकळत सरकत जातो. म्हणूनच अनेक खेळांत जॉयस्टिक एका जागी खिळवलेली नसते, अंगठा टेकेल तिथे ती उमटते. दुसरी अडचण अशी की बोट स्वतःच पडदा झाकतं. ज्या शत्रूवर बोट ठेवायचं तोच बोटाखाली दिसेनासा होतो. हेलसिंकीच्या सुपरसेल कंपनीने ‘ब्रॉल स्टार्स’ 2017 मध्ये मोजक्या देशांत आणला तेव्हा फोन उभा धरून खेळायचा होता. पुढे त्यांनी पडदा आडवा केला, नियंत्रण जॉयस्टिकवर आणलं आणि डिसेंबर 2018 मध्ये जगभर खेळ खुला केला. तयार झालेला खेळ हातातल्या पकडीसाठी आडवा करणं हे मोठं धाडसाचं काम होतं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

याच्याच पोटात आणखी एक गैरसमज आहे: ऑटो-एम, म्हणजे खेळाने आपोआप धरलेला नेम, ही अर्धी फसवणूक. माउसने मिळणारा बारीक नेम अंगठ्याला मिळत नाही, हे एकदा मान्य केलं की नेमातला काही भार खेळाने उचलणं रास्तच ठरतं. पुण्याच्या ‘मास्कगन’मध्ये निशाणा शत्रूवर आला की बंदूक आपोआप चालते. तिथे खेळाडूचं लक्ष कुठे उभं राहायचं आणि कधी आडोसा सोडायचा याकडे जातं. ‘ब्रॉल स्टार्स’मध्ये नुसतं टेकवलं तर नेम जवळच्या शत्रूवर लागतो. पण जवळचा शत्रू हाच योग्य शत्रू असेल असं नाही, आणि तो पळत असेल तर गोळी त्याच्या पुढे मारावी लागते. म्हणून मुरलेले खेळाडू बहुतेकदा हाताने ओढून नेम धरतात. ऑटो-एम नवख्याला मैदानात उभं करतं. त्याला जिंकवून देण्याची हमी मात्र देत नाही.

‘कूलडाऊन दहा टक्क्यांनी कमी, म्हणजे फायदा दहा टक्के’

स्किल एकदा वापरलं की ते पुन्हा तयार होईपर्यंतचा वेळ म्हणजे कूलडाऊन. समजा तो 10 सेकंदांचा आहे. दहा टक्के कमी केला, 9 सेकंद झाला. दीड मिनिटात स्किल नऊऐवजी दहा वेळा वापरता येईल. ठीक. आता समजा वेगवेगळ्या वस्तू जमवून खेळाडूने आधीच 80 टक्के कपात मिळवली आहे. कूलडाऊन 2 सेकंदांवर आला, दीड मिनिटात 45 वेळा. त्यावर आणखी ‘फक्त दहा टक्के’ दिले की तो 1 सेकंद होतो, आणि वापर 90 वेळा. तेच दहा टक्के, पण पहिल्यांदा एकाची भर पडली आणि नंतर सगळं दुप्पट झालं. टक्केवारीची साधी बेरीज अशी हाताबाहेर जाते. ‘लीग ऑफ लेजंड्स’ने वर्षानुवर्षं यावर 40 टक्क्यांची मर्यादा घातली होती. 2020 च्या अखेरीस त्यांनी पद्धतच बदलली. नव्या सूत्रात मूळ वेळेला 100 ने गुणायचं आणि 100 अधिक मिळवलेले गुण या बेरजेने भागायचं. त्यामुळे प्रत्येक गुणामागे वापर मूळच्या एका टक्क्यानेच वाढतो, पहिला गुण असो की शंभरावा. शाळेतलं त्रैराशिक आहे हे, पण त्यावर अख्ख्या खेळाचा तोल उभा असतो.

वेळेचा दुसरा हिशेब त्याहून नाजूक असतो. स्किल सुरू होताना पात्र हात मागे घेतं, जमिनीवर लाल वर्तुळ उमटतं. समोरच्याला सावध करणारा हा क्षण किती लांब ठेवायचा? डोळ्यांनी बघून हात हलवायला माणसाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. नेटवर्कवरून निरोप जाऊन परत यायला 80 धरा, फोनचा पडदा आणि स्पर्श ओळखायला आणखी 50. बेरीज 380 पर्यंत जाते. म्हणजे 300 मिलिसेकंदांचा इशारा देणारं स्किल बघून चुकवणं जवळजवळ कुणालाच शक्य नाही. फार तर नशिबाने चुकेल. ते चुकवता यावं अशी इच्छा असेल तर इशारा अर्ध्या सेकंदापुढे न्यावा लागतो. जिन्याखाली रेंज कमी येणाऱ्या घरातल्या मुलाचा, जुन्या फोनवर खेळणाऱ्या मुलीचा विचार केला तर आणखी थोडा पुढे. मला विचाराल तर चांगल्या डिझायनरची माणुसकी या शंभर-दीडशे मिलिसेकंदांत दिसते.

‘सगळी पात्रं सारख्याच ताकदीची हवीत’

पेठांमधल्या तालमीत एकही डाव त्याची तोड सांगितल्याशिवाय पूर्ण शिकवला जात नाही. धोबीपछाड कशी मारायची हे शिकताना ती कशी मोडायची हेही शिकायचं. लढाईच्या खेळातही तेच. उडी मारून अंगावर येणारं पात्र चालेल, पण त्याला जागीच रोखणारं कुणीतरी हवं, आणि त्या रोखणाऱ्याला दुरून टिपणारं आणखी कुणीतरी. सगळ्यांची ताकद सारखी केली तर निवडीला अर्थ राहत नाही.

‘इंडस’मध्ये अशी तोड पात्रात नाही, खेळाच्या रचनेतच ठेवली आहे. शेवटी उरेल तो जिंकेल अशा या प्रकारच्या खेळात, म्हणजे बॅटल रॉयालमध्ये, शेवटपर्यंत झुडपात लपून राहणाऱ्याचं फावतं, ही जुनी तक्रार. ‘इंडस’मध्ये सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात कॉस्मियम नावाचं द्रव्य प्रकट होतं, आणि ते ताब्यात घेऊनही सामना जिंकता येतो. लपलेल्याला उठावंच लागतं.

विजयदराबद्दलही असाच घोळ होतो. पात्र 50 टक्के सामने जिंकतं म्हणून ते समतोल, असं म्हणून मोकळं होता येत नाही. समजा नवखे ते घेऊन 40 टक्के सामने जिंकतात आणि मुरलेले 60 टक्के. सरासरी 50 येऊ शकते, पण नवख्यांना ते पात्र निरुपयोगी वाटतं आणि वरच्या पातळीवर सगळे त्याच्यावर चिडलेले असतात. अशा वेळी नुकसान कमी-जास्त करून भागत नाही, ते पात्र वापरण्यातली अडचणच बदलावी लागते.

भारतीय नाव, भारतीय पेहराव दिला की पात्र भारतीय झालं, हेही तितकंच अपुरं. ‘राजी’ फोनसाठी घडवलेला खेळ नव्हता, पण हा धडा त्याच्याकडून घ्यावा. त्यातली राजी सर्कशीत काम करणारी मुलगी आहे, राक्षसांनी नेलेल्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघालेली. तिच्या हाती त्रिशूळ आहे, पण तिची लढण्याची ढब सर्कशीतून आलेली: भिंतीवर धावत जाणं, खांबाला धरून गिरकी घेणं. तिचं पूर्वायुष्य तिच्या स्किल्समध्ये उतरलं आहे. नाव बदलून हे साधत नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. ‘गेम म्हणजे जुगार’ असं सरसकट म्हणणं चूक आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेला कायदाही पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ आणि ई-स्पोर्ट्स यांत फरक करतो. पण नशिबाच्या पेटीतून पात्र किंवा स्किल विकलं जात असेल तर पालकांची शंका रास्त आहे. अशा पेट्यांमधून काय मिळण्याची शक्यता किती, हे जाहीर करणं चीनने मे 2017 पासून आणि ॲपलने त्याच वर्षअखेरीस बंधनकारक केलं. ते आकडे मुलांबरोबर बसून वाचावेत.

भाच्याच्या पात्राला आता चारच टिकल्या उरल्या आहेत. जखम भरणं त्याने पॅसिव्ह करून टाकलं: ढालीवर घाव झेलला की आपोआप थोडी जखम भरते. उडीची टिकली त्याने परवा पुन्हा हलवली, चार मिमी खाली, कारण आईचा अंगठा तिथपर्यंत पोचत नव्हता.