साथीच्या रोगाची परीक्षा व शेतकऱ्याचें कर्तव्य

वालूर, जि. परभणी.

इ. स. २०२१ च्या जानेवारी महिन्यांत आमच्याच जिल्ह्यांतील मुरुंबा येथें थोड्याच दिवसांत सुमारें ८०० कोंबड्या मेल्या. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे गेले, आणि हा बर्ड फ्लू आहे असा निर्णय आला. त्यानंतर भोंवतालच्या एक किलोमीटरांतील हजारों पक्षी सरकारी हुकुमानें मारून पुरण्यांत आले, व दहा किलोमीटरांपर्यंत निर्बंध बसले. आपल्या राज्यानें हा रोग प्रथम पाहिला तो २००६ सालीं नवापुरास. तेव्हांही निर्णय भोपाळहूनच आला होता. इतका मोठा हुकूम ज्या एका कागदावरून निघतो, त्या परीक्षेचें स्वरूप काय आणि तींत शेतकऱ्याचा हात कोठें लागतो, हें आमच्या वाचकांस ठाऊक असावें म्हणून हा लेख लिहिला आहे.

रोग लक्षणांवरून ओळखावा हा आपला जुना परिपाठ आहे, व अनुभवी माणसास तो बराच साधतो. परंतु मानमोडी आणि बर्ड फ्लू या दोहोंतही कोंबडी झुरते, तोंड सुजतें, हिरवट हगवण लागते, मान वांकडी होते, आणि पाहतां पाहतां खुराडें रिकामें होतें. मानमोडीस प्रतिबंधक लस टोचतां येते; बर्ड फ्लू मात्र क्वचित् माणसासही होऊन त्याचा प्राण घेतो. उलट बाजूही पाहावी. २०२० च्या आरंभीं कोंबडी खाल्ल्यानें कोरोना होतो अशी निराधार अफवा उठली, व कित्येक कुक्कुटपालकांस आपले निरोगी पक्षी कवडीमोलानें विकावे लागले. रोग लपविणें आणि नसलेल्या रोगाची हूल उठविणें, या दोहोंनींही शेतकरीच बुडतो. म्हणून निर्णय खात्रीचा पाहिजे.

असा निर्णय देणारी विद्या म्हणजे रेणुजीवशास्त्र. प्रत्येक जीवाच्या पेशींत त्याच्या घडणीचा लेख असतो. मनुष्य, बैल, ज्वारी या सर्वांचें मूळ दप्तर डी. एन. ए. या द्रव्याचें असतें, व त्यावरून कामापुरत्या ज्या नकला उतरल्या जातात त्या आर. एन. ए.च्या असतात. कित्येक विषाणूंचा प्रकार मात्र निराळा आहे. बर्ड फ्लू, लाळ्या-खुरकूत, शेळ्यामेंढ्यांचा पी. पी. आर. आणि कोरोना यांच्या विषाणूंचें मूळ दप्तरच आर. एन. ए.चें असतें. नमुन्यांत तो आर. एन. ए. सांपडला, म्हणजे चोर मुद्देमालासह सांपडला असें समजावें. २०२२ सालीं आपल्या गोठ्यांत शिरलेल्या लंपीचा विषाणु डी. एन. ए.चा आहे, त्याच्या परीक्षेस पुढें सांगितलेली पहिली पायरी लागत नाहीं.

अडचण ही कीं, नमुन्यांतील आर. एन. ए. अत्यल्प असतो आणि लवकर नासतो. म्हणून प्रथम त्यावरून डी. एन. ए.ची टिकाऊ नक्कल उतरवितात. हें उलट लेखन करणारें विकर, म्हणजे पेशींतील रासायनिक क्रिया घडवून आणणारें द्रव्य, १९७० सालीं अमेरिकेंत टेमिन व बाल्टिमोर यांनीं स्वतंत्रपणें शोधून काढलें. मग त्या नकलेचा ठराविक तुकडा वाढवावयाचा. ही युक्ति १९८३ सालीं अमेरिकेंतच कॅरी मलिस यांस सुचली. खरेदीखतांत जमीन जशी चतुःसीमेवरून निश्चित होते, तसा रोगाच्या लेखांतील एक तुकडा दोन बाजूंच्या खुणांवरून निश्चित करतात. या खुणांस प्रायमर म्हणतात. त्या जुळल्या तरच नक्कल उतरते. दुसऱ्या रोगाच्या लेखावर त्या बसत नाहींत. नमुना आळीपाळीनें तापवून निववितात, व प्रत्येक फेऱ्यास तुकडे दुप्पट होतात. या हिशेबानें एका तुकड्याचे ३० फेऱ्यांत १०७ कोटींहून अधिक तुकडे होतात. तुकडे वाढूं लागले म्हणजे नमुन्यांत घातलेलें एक द्रव्य चमकूं लागतें, व ती चमक यंत्र मोजतें. चमक जितकी लवकर दिसेल, तितका नमुन्यांत विषाणु अधिक.

हीच परीक्षा आपल्या राज्यांतील एका स्त्रीनें संकटाच्या वेळीं देशाच्या हातीं दिली. २०२० च्या आरंभीं कोरोनाच्या परीक्षेचें साहित्य परदेशांतून आणावें लागे. पुण्याच्या मायलॅब कंपनींत विषाणुशास्त्रज्ञ सौ. मीनल दाखवे-भोसले या संशोधन विभागाच्या प्रमुख होत्या. गरोदरपणांतील त्रासामुळें त्या रुग्णालयांत होत्या. तेथून सुटल्यावर थोड्याच दिवसांनीं, फेब्रुवारींत, त्यांनीं हें काम हातीं घेतलें, व सहकाऱ्यांसह सहा आठवड्यांत पुरें केलें. एकच नमुना दहा वेळां तपासला तरी दहाही वेळां उत्तर एकच यावें, ही त्यांची कसोटी होती. १८ मार्च रोजीं त्यांनीं साहित्य राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे तपासणीस दिलें. ही संस्था १९५२ पासून पुण्यांत विषाणूंचा अभ्यास करीत आहे. दुसरे दिवशीं त्यांस कन्या झाली. महिना संपण्यापूर्वींच साहित्यास मंजुरी मिळाली. परदेशी साहित्यास सहा-सात तास लागत तेथें हें अडीच तासांत उत्तर देतें, असें कंपनीनें सांगितलें. किंमतही सुमारें चौथाईच होती.

परंतु अशी कसोटी प्रयोगशाळेच्या मेजावर सुरू होते. त्यापूर्वींचें काम गोठ्यांत व खुराड्यांत व्हावयाचें असतें. आपल्या कातडीवर व घामांत आर. एन. ए. तोडणारीं विकरें असतात. उष्णतेनें व कुजण्यानेंही तो नाश पावतो. दोन दिवस उन्हांत पडलेल्या पक्ष्याचा नमुना गेला, तर रोग असूनही तो न सांपडण्याचा संभव असतो. मग ‘रोग नाहीं’ असा कागद येऊन सारें गांव निर्धास्त राहील. यंत्र कितीही नामी असलें तरी नमुन्यांत जें उरलें नाहीं तें त्यास दिसणार नाहीं.

यास्तव एकाएकीं अनेक पक्षी वा जनावरें आजारी पडलीं किंवा मेलीं, तर त्याच दिवशीं ग्रामपंचायतीस व पशुवैद्यकीय दवाखान्यास खबर द्यावी. प्राण्यांच्या सांसर्गिक रोगांविषयींच्या २००९ च्या कायद्यानें अनुसूचींतील रोगाची खबर देणें हें मालकाचें कर्तव्यच ठरविलें आहे. नमुना स्वतः घेऊं नये. तो पशुवैद्यानें हातमोजे घालून घ्यावा व बर्फांत बंद करून धाडावा. मेलेला पक्षी फाडूं नये, उघड्या हातानें उचलूं नये, ओढ्यांत टाकूं नये. तो सावलींत झांकून ठेवून कुत्रीं व मुलें दूर ठेवावींत. आजारी पक्षी पडत्या भावानें बाजारांत नेणें म्हणजे रोग दहा गांवांस वांटणें होय.

खबर दिली तर सारे पक्षी जातील, असें भय पुष्कळांस वाटतें. परंतु हिशेब करून पाहावा. सरकारी भरपाई मिळते ती हुकुमानें मारलेल्या पक्ष्यांची; रोगानें आधींच मेलेल्यांची मिळत नाहीं. पहिल्या दिवशीं कळविणाऱ्याचे बहुतेक पक्षी भरपाईच्या यादींत येतात. आठ दिवस लपविणाऱ्याचे पक्षी फुकट जातात, व शेजाऱ्याचेही धोक्यांत येतात. तरी कुक्कुटपालन करणाऱ्या आमच्या बंधूंनीं जवळच्या दवाखान्याचा दूरध्वनि क्रमांक आजच खुराड्याच्या दारावर लिहून ठेवावा, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंती आहे.