पाण्यावर फिरणारी चक्की आणि तिचे दफ्तर

पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी, मनोर, यांपैकी कोणत्याही बाजारात गेले तरी पिठाच्या चक्कीचा आवाज कानावर येतोच. तांदळाचे पीठ, नागलीचे पीठ, हळद-मिरची. आणि तारापूर औद्योगिक वसाहतीमुळे उत्तरेकडील कामगारांच्या वस्त्या वाढल्यापासून गव्हाचे दळणही. धंदा लहान, भांडवल बेताचे, पण रोज चालणारा. या धंद्यातल्या माणसाला दगडाला टाकी कधी लावायची, पट्टा कधी बदलायचा हे बरोबर कळते. मात्र मागच्या वर्षी या महिन्यात किती दळण झाले असे विचारले, तर उत्तर बहुधा अंदाजाने मिळते.

वीज नव्हती, डिझेल इंजिन नव्हते, त्या काळी शेकडो माणसांचे दळण कसे होत असे आणि त्याचा हिशेब कसा राहत असे? महाराष्ट्रात हे समजून घ्यायला सर्वांत चांगली जागा म्हणजे औरंगाबादची पाणचक्की. शहराचे नाव 2023 पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे. शहराच्या कडेने वाहणाऱ्या खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे आणि त्याच आवारात ही चक्की आहे.

बाबा शाह मुसाफिर हे नक्शबंदी सिलसिल्याचे बुजुर्ग. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश यांच्याप्रमाणे तेही मध्य आशियातून, बुखाऱ्याच्या मुलखाकडून दख्खनमध्ये आले. औरंगजेबाच्या फौजा तेव्हा दख्खनमध्ये होत्या आणि तूरानी शिपाई मोठ्या संख्येने येत-जात होते. परक्या मुलखात अशा माणसाला ओळखीची भाषा, निवारा आणि भाकरी मिळण्याचे ठिकाण म्हणजे हा तकिया. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या शाह महमूद यांनी फारसीत 'मलफूझात-ए-नक्शबंदिया' हा ग्रंथ लिहिला. सायमन डिग्बी यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद 2001 साली प्रसिद्ध केला. संतचरित्र म्हणून तो वाचला जातो. पण तकियात कोण येत होते, कोण उतरत होते, देणगी कोण देत होते, हेही त्यात सापडते. व्यापाऱ्याच्या नजरेने वाचावा असा हा ग्रंथ आहे.

चक्की आणि तिच्यासाठी आणलेली नहर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. तिचे साल साधारणपणे 1744 दिले जाते आणि बांधणारे म्हणून निजाम-उल-मुल्क आसफजाह यांच्या पदरी असलेले सरदार तुर्कताझ खान यांचे नाव घेतले जाते. समोरचा लांबट हौद आणि कारंजी नंतर जमील बेग खान यांनी करवली. या हौदाच्या तळाखाली मोठे दालन आहे. डोक्यावर पाणी असल्याने ते उन्हाळ्यातही थंड राहते आणि मुसाफिरांच्या उतरण्यासाठी त्याचा उपयोग होई.

ही चक्की नदीवर चालत नाही. खाम शेजारून वाहते, पण तिच्या पाण्याचा चक्कीशी संबंध नाही. पाणी येते ते उत्तरेकडील डोंगरपायथ्याच्या विहिरी-झऱ्यांतून, कित्येक किलोमीटर लांबीच्या जमिनीखालील मातीच्या नळांतून. असे भूमिगत पाणी शहरात आणण्याची विद्या या गावाला जुनीच होती. मलिक अंबर यांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला नहर-ए-अंबरी बांधली होती. नळांतून आलेले पाणी उंच भिंतीवर चढवले जाते आणि तेथून खाली सोडले जाते. खाली आडवे चाक असते. त्याच्या पात्यांवर पाण्याचा मारा बसला की चाक फिरते, चाकाचा उभा दांडा फिरतो आणि दांड्यावर बसवलेली वरची तळी फिरू लागते. मध्ये दात्यांची चाके नाहीत, पट्टा नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. बिघडण्याजोगे भाग फार थोडे, म्हणून अशा चक्क्या पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. हिमाचल आणि उत्तराखंडच्या डोंगरांत 'घराट' म्हणतात ते यंत्रही याच जातीचे.

पण तिची ताकद बेताचीच. उदाहरण म्हणून दर सेकंदाला 30 लिटर पाणी 5 मीटर उंचीवरून पडते असे धरू. हिशेबाने त्याची शक्ती होते सुमारे दीड किलोवॅट, म्हणजे दोन अश्वशक्ती. आडव्या लाकडी किंवा लोखंडी चाकाला त्यातली एक-तृतीयांश मिळाली तरी पुष्कळ. राहिली सुमारे दोन-तृतीयांश अश्वशक्ती. आपल्या बाजारातल्या दहा अश्वशक्तीच्या मोटारीपुढे हे काहीच नाही. घराटावर तासाला पाच-दहा किलो धान्य दळले जाते. आठ किलो धरले तर चोवीस तासांत 192 किलो. माणशी अर्धा किलो पीठ लागले तर 384 माणसांचे जेवण. गिऱ्हाईक दारात उभे असेल तर ही चक्की निकामी. रोज ठरावीक लोकांना जेवू घालायचे असेल तर मात्र तिच्याइतकी स्वस्त दुसरी नाही. तिला रात्रीची झोप लागत नाही आणि मजुरीही लागत नाही. पाणचक्कीचे काम नेमके हेच होते. तकियातील फकीर, मुरीद, मुसाफिर आणि छावणीतील शिपाई यांच्यासाठी पीठ.

आता पालघरचा विचार करा. मराठवाड्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पालघरमध्ये दोन हजारांहून अधिक. सूर्या, वैतरणा अशा भरून वाहणाऱ्या नद्या. मग पाणचक्की गाजली ती कोरड्या मुलखात, असे का? एक कारण म्हणजे आपल्याकडचा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि चैत्र-वैशाखात ओढे कोरडे पडतात. पुरात चाक वाहून जाते, उन्हाळ्यात ते उभे राहते. दुसरे कारण ताटातले. भात कांडून, साळ काढून शिजवायचा. त्यासाठी उखळ-मुसळ लागते, चक्की नव्हे. भाकरीपुरते पीठ घरच्या जात्यावर निघत असे. चक्कीला पाणी पुष्कळ असून भागत नाही, ते बाराही महिने सारखे यावे लागते. औरंगाबादच्या नहरीने तेच दिले होते.

महिन्यांचा हा हिशेब उस्मानी सल्तनतीच्या महसुली दफ्तरांत फार स्पष्ट दिसतो. पंधराव्या-सोळाव्या शतकात गावोगावची पाहणी होई तेव्हा गावातल्या चक्क्या, त्यांच्या दगडांच्या जोड्या आणि प्रत्येक चक्की वर्षातून किती महिने चालते हे लिहून घेत. कराचा प्रचलित दर होता महिन्याला पाच अक्चे. वर्षभर चालणाऱ्या चक्कीला साठ, सहा महिने चालणारीला तीस. चक्की धडधाकट आहे, दगड मोठा आहे, याला किंमत नाही. ती चालली किती, याला आहे. इंग्लंडमध्ये 1086 च्या पाहणीत सुमारे सहा हजार चक्क्यांची नोंद झाली. त्यांतल्या बहुतेक चक्क्यांचा आज दगडही शिल्लक नाही, पण कागदावर त्या आहेत.

बहुतेक मुलखांत चक्कीवाला दळणाई रोख घेत नसे. पिठातला किंवा धान्यातला ठरलेला वाटा ठेवून घेई. आपल्या गावगाड्यातले बलुते याच तऱ्हेचे. यात एक सोय आणि एक धोका. भाव चढले-उतरले तरी मजुरी बुडत नाही ही सोय. हाताने काढलेला वाटा कुणी लिहून ठेवत नाही हा धोका. तूट किती आणि वाटा किती, यावरून चक्कीवाल्यावर संशय घेणाऱ्या म्हणी जगभर आहेत.

पाणचक्कीला दळणाईचा प्रश्न नव्हता, कारण ती नफ्यासाठी नव्हती. ती वक्फच्या कामात होती. वक्फचा एक नियम आपल्या दुकानदारांनी लक्षात घेण्यासारखा आहे. हनफी फिकहप्रमाणे वक्फच्या उत्पन्नावर पहिला हक्क दुरुस्तीचा. वक्फ करणाऱ्याने तसे लिहिलेले नसले तरीही. मुतवल्लीने आधी छप्पर, नहर, दगड पाहायचा, मग वाटप. आपल्याकडे उलट होते. घरखर्च आधी काढला जातो आणि चक्कीचा दगड झिजून पीठ तापू लागले की उसनवार सुरू होते.

मराठवाडा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. तेथे इनामांची सरकारी चौकशी होऊन जो निवाडा होई, त्याच्या कागदाला 'मुंतखब' म्हणतात. मालमत्ता काय, कशासाठी दिली, सेवा कोणाकडे, हे त्यात असते. आजही त्या भागातील वक्फ जमिनीचा वाद कोर्टात गेला की पहिला शोध मुंतखबाचा लागतो. मशीद, दर्गा, झाड, विहीर डोळ्यांना दिसत असली तरी कागद मागितला जातोच. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्य कार्यालयही पाणचक्कीच्या याच आवारात आले. जेथे पीठ निघत होते तेथे आता राज्यभरच्या वक्फ मालमत्तांचे दफ्तर आहे. चक्की पर्यटकांना दाखवण्यापुरती राहिली आहे, आणि वाढत्या शहराखाली जुनी नहर जागोजागी दबली आहे.

ही गोष्ट पालघरच्या वाचकांना सांगण्याचे कारण जमिनीशी जोडलेले आहे. मालवाहू रेल्वेमार्ग, बुलेट ट्रेन, द्रुतगती महामार्ग यांसाठी या जिल्ह्यात मोजण्या झाल्या, आणि वाढवण बंदराचे भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये झाले. जमीनमालक सातबारा घेऊन उभा राहतो. भाड्याच्या गाळ्यात चक्की, गॅरेज, शिलाई किंवा वेल्डिंग चालवणाऱ्याने काय घेऊन उभे राहायचे? 2013 च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' या व्याख्येत जमीन नसलेली कारागीर कुटुंबेही आहेत. अट अशी की संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम असावे आणि उपजीविका मुख्यतः त्यावर असावी. त्याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत कारागीर, छोटे व्यापारी व स्वयंरोजगारी यांच्या बाधित कुटुंबाला किमान 25,000 रुपयांचे एकवेळचे अनुदान सांगितले आहे. रक्कम फार मोठी नाही. पण यादीत नाव लागले तर पुनर्वसनाच्या पुढच्या गोष्टी बोलता येतात, नाही लागले तर बोलणेच संपते. आणि यादी होते ती पाहणीच्या वेळी. तीन वर्षांचा पुरावा त्या दिवशी तयार करता येत नाही.

चक्कीवाल्याच्या बाबतीत सर्वांत बोलका कागद विजेचे बिल. पिठाच्या गिरणीची जोडणी औद्योगिक वर्गात येते, त्यामुळे येथे घर नसून गिरणी आहे हे बिलावरूनच दिसते. त्यावर दर महिन्याचे युनिट असतात, म्हणजे चक्की किती चालली याचा आपोआप झालेला हिशेब. उस्मानी कारकून जे विचारत होते तेच. ही बिले फेकू नयेत. मीटर घरमालकाच्या नावावर असेल तर भाडेकरारात मीटर क्रमांक लिहून घ्यावा. त्याशिवाय वजनकाट्याच्या पडताळणीचा दाखला, उद्यम नोंदणी, दुकाने व आस्थापना कायद्याखाली दिलेली सूचना, अन्न व्यवसायाची नोंदणी, हे सारे वेगवेगळ्या पिशव्यांत असते. एका फाईलमध्ये लावावे. प्रत्येकावर पत्ता आणि नाव एकसारखे आहे का, हे मात्र आधी पाहावे. एका कागदावर वडिलांचे नाव, दुसऱ्यावर भावाचे, तिसऱ्यावर दुकानाचे, अशी फाईल पाहणीच्या वेळी फारशी उपयोगी पडत नाही. आणि भावांत वाटणी निघाली तर ती आणखीच अडचणीची ठरते.

रोजची वही साधी असली तरी चालते. तारीख, आलेले दळण किलोत, जमा रक्कम, उधारी. महिन्याच्या शेवटी मीटरचा आकडा आणि दगडाला टाकी लावल्याची तारीख. युनिटला किती किलो दळण निघते हे दोन-तीन महिन्यांत कळू लागते. तो आकडा घसरू लागला की दगड पाहावा, पट्टा पाहावा, मग मोटार. वही बांधीव असावी आणि पाने क्रमांक घातलेली असावीत.