एका रेणूचं लोहचुंबक

करंजाच्या धक्क्यावरून निघणाऱ्या होडीतलं होकायंत्र, फ्रिजच्या दाराची पट्टी, सांडलेल्या सुया गोळा करणारा तुकडा. लोहचुंबक आपल्या रोजच्या ओळखीचं. आज आम्ही त्याच्या फार लहान भावंडाविषयी सांगणार आहोत. हे लोहचुंबक फक्त एका रेणूएवढं असतं.

त्याची गरज कशाला? घरातल्या हळदीचे फोटो आपण मोबाइलवरून पाठवतो, साठवतो. ते कुठे जातात? आपल्या जवळच ऐरोली, महापे, पनवेलला मोठमोठी डेटा सेंटर आहेत. तशा ठिकाणी बरीचशी माहिती फिरत्या तबकड्यांवर, चुंबकाच्या बारीक कणांत राहते. कणाची दिशा एकीकडे असली तर ‘एक’, उलट असली तर ‘शून्य’. कण जितके लहान, तितकी जागा कमी लागते. पण कण फारच लहान केला, तर नेहमीच्या उष्णतेनेच त्याची दिशा उलटते आणि लिहिलेलं पुसलं जातं. म्हणून प्रश्न आला, की एकटा रेणू आपली दिशा धरून ठेवू शकेल का?

याचं उत्तर ज्या रेणूतून मिळालं, त्याचं सामान आपल्या ओळखीचं आहे. पूर्वी विहिरीत टाकायचे ते जांभळे खडे, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, आठवतात ना? त्यात मँगनीज धातू असतो. व्हिनेगरमध्ये असतं त्या आम्लाच्या तीव्र द्रावणात मँगनीजचा एक क्षार विरघळवायचा, त्यात परमँगनेट घालायचं आणि थांबायचं. काही दिवसांत काळे स्फटिक तयार होतात. पोलंडमधल्या टी. लिस यांनी १९८० साली ही कृती प्रसिद्ध केली. (घरी मात्र कुणी करून बघू नका. परमँगनेट भलत्या पदार्थात मिसळलं तर पेट घेतं.)

या स्फटिकातल्या प्रत्येक रेणूत मँगनीजचे १२ अणू ऑक्सिजनने एकमेकांना जोडलेले असतात. आम्लाचे तुकडे त्यांच्याभोवती कुंपणासारखे बसतात. हे कुंपण नसतं, तर अणूला अणू चिकटत गेला असता आणि टॉर्चच्या सेलमध्ये असते तशी काळी पूड झाली असती. कुंपणामुळे वाढ थांबते आणि सगळे रेणू अगदी एकसारखे निघतात.

आता चुंबकाचा हिशेब. अणूतले इलेक्ट्रॉन बहुधा जोडीने राहतात आणि जोडीतले दोघे एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. जो एकटा राहतो, तो बारीक चुंबकासारखा वागतो. या रेणूच्या बाहेरच्या कड्यात ८ अणू आहेत आणि प्रत्येकात ४ एकटे इलेक्ट्रॉन, म्हणजे ३२. आतल्या ४ अणूंत प्रत्येकी ३, म्हणजे १२. रस्सीखेचीसारखे बाहेरचे एका बाजूला आणि आतले उलट बाजूला ओढतात. ३२ वजा १२, उरले २०. इटलीत फ्लॉरेन्स इथे रोबेर्ता सेसोली या संशोधक बाईंनी सहकाऱ्यांसह १९९३ साली दाखवलं, की अति थंडीत हा एकेक रेणू आपली दिशा धरून ठेवतो. उणे २७१ अंशांना ती महिना-दोन महिने टिकते.

मग वाटेल, रेणू मोठा केला की चुंबक चांगलं होईल. तसाही प्रयत्न झाला. २००४ साली अमेरिकेत फ्लॉरिडाला ८४ मँगनीज अणूंचं एक चाक तयार झालं. रेणूंच्या जगात ते अवाढव्य, तरी केसाच्या जाडीत अशी सुमारे वीस हजार चाकं ओळीने मावतील! त्यात एकटे इलेक्ट्रॉन ३३६. पण आपसात इतकी ओढाताण, की शिल्लक उरले फक्त १२.

बरं, सगळे एकाच दिशेने ओढणारे मिळाले तर? तेही झालं. जर्मनीत कार्ल्सरूह इथे ॲनी पॉवेल यांच्या गटाने २००६ साली १९ मँगनीज अणूंचा रेणू केला. त्यात ८३ इलेक्ट्रॉन एकजुटीचे, तेव्हाचा तो विक्रम. तरी त्याला दिशा धरून ठेवणं जमेना.

याचं कारण खाडीकाठच्या बाईला चटकन कळेल. अरुंद खाडीत लांब होडीचं तोंड एकतर समुद्राकडे असतं, नाहीतर गावाकडे. फिरवायची तर कष्ट पडतात. पाण्यात सोडलेली गोल टोपली मात्र लाट येईल तशी फिरते. १२ अणूंच्या रेणूत बाहेरच्या आठही अणूंचा आकार जवळजवळ एकाच दिशेने लांबट असतो, म्हणून तो होडी. १९ अणूंच्या रेणूत लांबट बाजू चहूकडे तोंड करून असतात, म्हणून तो टोपली. नुसती ताकद किंवा नुसता मोठेपणा पुरत नाही, उलटू न देणारी ठेवण लागते.

हे लक्षात आल्यावर संशोधक मोठ्या समूहाकडून एकाच अणूकडे वळले. डिस्प्रोशियम नावाच्या दुर्मिळ धातूचा एक अणू, वर आणि खाली कार्बनचं एकेक कडं. २०१७ साली अशा रेणूने उणे २१३ अंशांपर्यंत दिशा धरली, २०१८ साली उणे १९३ पर्यंत. हा फरक पैशांचा आहे. पहिल्या रेणूला महाग द्रवरूप हेलियम लागायचा. आता द्रवरूप नायट्रोजन पुरतो, जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी ठेवतात तोच. तरी आपल्या बंदरातल्या रीफर कंटेनरात कोळंबी उणे १८ च्या आसपास असते. तिथवर यायला अजून पुष्कळ मजल आहे.

हे काम फक्त परदेशात चालतं असं नाही. पवईच्या आयआयटीत प्रा. महेश्वरन शन्मुगम यांचा गट असे रेणू बनवतो. प्रा. गोपालन राजारामन यांचा गट गणिताने सांगतो की कोणती ठेवण दिशा धरेल. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या झोताने पदार्थांच्या आतली चुंबकीय मांडणी तपासतात.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. उद्या कुणी दारात येऊन ‘रेणूच्या चुंबकाची’ गादी किंवा कडं विकायला लागला, तर विचारा, ‘भाऊ, उणे दोनशे अंशांत ठेवून वापरायची का?’ आणि दहावीनंतर मुलगी रसायनशास्त्र घ्यायचं म्हणाली, तर ‘त्यात काय मिळणार’ म्हणून तिला थांबवू नका. सेसोली आणि पॉवेल बाईंनी जे काम केलं, त्याची पुढची पायरी पवईला चालू आहे, आणि पवई आपल्या उरणपासून फार लांब नाही.