घेवडा मऊ झाला, पण शिजला का?

सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागात खरिपाचा पाऊस वेळेवर झाला की शिवारात घेवडा दिसू लागतो. फिकट दाण्यावर लालसर पट्टे, म्हणून हा वाघ्या घेवडा. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. इथल्या बाजारात तो घेवडा असतो आणि व्यापाऱ्याच्या गाडीतून उत्तरेकडे गेला की त्याचाच राजमा होतो. सातारा-सांगलीच्या घरांत त्याची उसळ किंवा आमटी, सोबत ज्वारीची भाकरी आणि कांदा, हे जेवण कुणाला शिकवावे लागत नाही.

या साध्या जेवणात एक धोका दडलेला असतो, आणि तो फक्त शिजवण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे. घेवडा रात्रभर भिजवला, सकाळी मंद आचेवर ठेवला, दाणा बोटाने दाबून पाहिला, मऊ लागला आणि वाढला. तासा-दोन तासांत घरातल्या दोघा-तिघांना मळमळ, जोराच्या उलट्या, मग जुलाब सुरू होतात. दोष तेलाला जातो, पाण्याला जातो किंवा ‘कडधान्य वातूळच’ म्हणून विषय संपतो. खरे कारण पुष्कळदा पातेल्यातच असते. दाणा मऊ झालेला असतो, पण पुरेसा तापलेला नसतो.

कच्च्या घेवड्यात लेक्टिन प्रकारचे एक प्रथिन असते. त्याचे पूर्ण नाव फायटोहिमॅग्लुटिनिन. प्रयोगशाळेत ते रक्ताच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करते, त्यावरूनच हे नाव पडले. पोटात गेल्यावर ते आतड्याच्या अस्तराला चिकटते आणि अन्न शोषून घेणाऱ्या पेशींना इजा करते. हे मोजण्याचे एक एकक आहे. त्या हिशेबाने कच्च्या लाल राजम्यात २० हजार ते ७० हजार एकके आढळतात, तर नीट शिजलेल्या राजम्यात २०० ते ४००. चार-पाच कच्चे दाणेही त्रास व्हायला पुरेसे ठरू शकतात. लक्षणे साधारण एक ते तीन तासांत दिसतात आणि बहुतेकांना काही तासांत उतार पडतो. तोवर जलसंजीवनी घोट-घोट देत राहावे. लहान मूल, वृद्ध किंवा गरोदर स्त्री असेल, उलट्या थांबत नसतील किंवा रक्त दिसले, तर दवाखाना गाठावा आणि काय खाल्ले, किती वाजता खाल्ले हे डॉक्टरांना सांगावे. या माहितीवरून निदान बरेच सोपे होते.

हा प्रकार जगात अनेकदा घडून गेला आहे. ब्रिटनमध्ये १९७६ साली सहलीला गेलेली शाळकरी मुले नुसता भिजवलेला कच्चा राजमा खाऊन आजारी पडली आणि डॉक्टरांचे लक्ष या दाण्याकडे गेले. जपानची गोष्ट त्याहून बोलकी आहे. मे २००६ मध्ये तिथल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात वजन कमी करण्याचा उपाय सांगितला गेला. पांढरा राजमा दोन-तीन मिनिटे भाजायचा, दळायचा आणि भातावर भुरभुरायचा. सुमारे एक हजार लोकांना त्रास झाला, त्यांतले शंभरेक रुग्णालयात दाखल झाले. दोन-तीन मिनिटांच्या कोरड्या भाजण्याने दाण्याच्या गाभ्यातले लेक्टिन मरत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘चमचाभर पूड रोज घ्या’ छापाच्या सल्ल्यांकडे या घटनेच्या आठवणीनेच पाहायला हवे.

अर्धवट उष्णता तर कच्च्यापेक्षाही वाईट ठरू शकते. साधारण ८० अंशांपर्यंतच तापलेल्या राजम्यात विषारीपणा कच्च्या दाण्याच्या पाचपटीपर्यंत वाढलेला आढळला आहे. म्हणून तासन्‌तास मंद तापणारी विजेची भांडी घेवड्यासाठी धोक्याची. चुलीच्या निखाऱ्यावर रात्रभर ठेवलेल्या मडक्यालाही हेच लागू आहे. आधी खळखळून उकळी आली असेल तर नंतरची मंद आच चालते. उकळीच आली नसेल तर मऊ दाणा हा फसवा पुरावा आहे.

मग करायचे काय? घेवडा निदान पाच तास, शक्यतो रात्रभर भिजवावा. ते पाणी फेकावे. त्यात थोडे लेक्टिन उतरलेले असते आणि पोटात वायू करणाऱ्या शर्कराही. ‘सत्त्व जाईल’ म्हणून तेच पाणी वापरणारे पुष्कळ आहेत. काही जीवनसत्त्वे त्यातून जातात हे खरे, पण घेवड्याच्या बाबतीत हा सौदा फायद्याचा आहे. नव्या पाण्यात दाणे खळखळ उकळू द्यावेत. दहा मिनिटांत लेक्टिन निकामी होते, पण सुरक्षिततेसाठी अर्धा तास धरावा. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, त्यामुळे कुकरात मऊ झालेल्या घेवड्याबाबत चिंता नाही. शिट्ट्या मोजण्यात मात्र अर्थ नाही. कुकर, आच आणि पाणी बदलले की शिट्टीचा हिशेब बदलतो. पहिल्या शिट्टीनंतर आच कमी करून पंधरा-वीस मिनिटे, हे माप जास्त भरवशाचे.

महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटर उंचीवरच्या गावात उघड्या पातेल्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. तिथे वेळ वाढवावा लागतो किंवा सरळ कुकर लावावा. माण-खटाव, जत, आटपाडी अशा कमी पावसाच्या तालुक्यांत अडचण वेगळी असते. विहिरी-बोअरचे पाणी जड असेल तर डाळ-कडधान्य शिजता शिजत नाही. त्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्याच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट करतात. त्यावर सर्रास खायचा सोडा टाकला जातो. दाणा मऊ होतो, पण ‘ब-१’ जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. त्यापेक्षा भिजवतानाच पाण्यात चमचाभर मीठ घालावे. मिठातले सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेते आणि साल लवकर सुटते. मिठाने कडधान्य शिजत नाही ही समजूत निदान भिजवण्याच्या बाबतीत खरी नाही. आंबट पदार्थांबद्दलचा घरचा नियम मात्र बरोबर आहे. टोमॅटो, चिंच, आमसूल दाणा शिजल्यावरच घालावे, कारण आम्लात पेक्टिन विरघळत नाही.

मोडांविषयी थोडी सावधगिरी हवी. मटकी आणि मुगाला फडक्यात बांधून मोड आणणे ही या भागाची फार चांगली सवय आहे. मोड येताना लोह अडवून ठेवणारे फायटेट कमी होते आणि ‘क’ जीवनसत्त्व तयार होते. मुगाचे मोड कोशिंबिरीत कच्चे खाल्ले जातात, म्हणून घेवड्याचेही खाता येतील असे मात्र नाही. मोड आल्याने त्यातले लेक्टिन जात नाही, त्यामुळे मोडाचा घेवडाही तितकाच उकळायला हवा. नावांचा गोंधळ इथे भर घालतो. वाल, पावटा, श्रावणात येणाऱ्या हिरव्या शेंगा, सगळ्यांनाच कुठे ना कुठे घेवडा म्हणतात. हिरवी फरसबी ही राजम्याच्याच जातीची कोवळी शेंग. तिच्यात लेक्टिन कमी असते, तरी तीही शिजवूनच खावी.

एवढी खटपट करण्यासारखे या दाण्यात आहे तरी काय? १०० ग्रॅम कोरड्या दाण्यांत सुमारे २० ग्रॅम प्रथिने आणि ६ मिलिग्रॅमच्या आसपास लोह. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते घेवड्यात भरपूर आहे. घेवड्यात जे कमी, ते ज्वारी भरून काढते. भाकरी आणि उसळ एकत्र खाणाऱ्यांनी हे कोष्टक न मांडताच जुळवले होते. लोहाचा प्रश्न तर महाराष्ट्रात गंभीर आहे. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते.

पण कडधान्यातले लोह सहज शोषले जात नाही. जेवताना उसळीवर लिंबू पिळले तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे ते जास्त मिळते. लिंबू उकळत्या पातेल्यात नव्हे, ताटात पिळावे, कारण उष्णतेने ते जीवनसत्त्व जाते. उलट जेवणावर लगेच घेतलेला चहा सगळे घालवतो. दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या स्त्रियांवर झालेल्या आणि १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चहामुळे लोहाचे शोषण ठळकपणे घटलेले दिसले. शेतावरून येऊन जेवण उरकून लगेच कपभर चहा घेणाऱ्या बाईला हे कुणी सांगितलेले नसते. चहा सोडायची गरज नाही, तासभर पुढे ढकलला तरी पुरे.

उसळीच्या फोडणीत सांगलीची हळद असतेच, आणि हल्ली तिच्या नावावर बरेच काही खपवले जाते. हळदीतले कर्क्युमिन शरीरात फारसे शोषले जात नाही. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात झालेल्या, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मिरीतल्या पायपरीनने हे शोषण वीसपट वाढले. तो प्रयोग मात्र २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिनवर होता. पाव चमचा हळदीत ते जेमतेम २०-३० मिलिग्रॅम भरते. फोडणीतली हळद रंगासाठी, चवीसाठी उत्तमच आहे, तिला औषध समजू नये. आणि मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत.

आठवडी बाजारातून घेवडा घेताना एवढे विचारून घ्यावे, की माल यंदाचा आहे की गेल्या वर्षीचा. जास्त दिवस उष्ण, दमट जागी राहिलेला दाणा कडक होतो आणि त्याला दुप्पट वेळही लागू शकतो. जुना आणि नवा एकाच पातेल्यात भिजवला तर नवा फुटून लगदा होतो, तोवर जुना आतून कच्चाच राहतो.